पाठीवरचे ऊन

दिवाळीची पहिली आंघोळ झाली की आमच्या घरातली तिळाच्या तेलाची बाटली वरच्या फळीवर जाऊन बसते, ती थेट पुढच्या नरकचतुर्दशीलाच खाली उतरते. तुमच्याकडेही बहुधा हेच होत असेल. खरी थंडी तर त्यानंतर येते. मार्गशीर्ष-पौषात ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, हातांची कातडी पांढुरकी दिसू लागते; पण तेव्हा अंगाला तेल लावणे म्हणजे चैन, आणि चैनीला सवड आहे कोणाला?

वऱ्हाडचे ऊन प्रसिद्ध आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे भेटले की हटकून विचारतात, "तुमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो म्हणे?" जातो. पण हेच ऊन डिसेंबरात किती गोड होते, ते कोणी विचारीत नाही. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र; त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो खरा, पण सूर्य मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा-उशिराच उगवत राहतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो, ते निदान सकाळपुरते तरी अगदी बरोबर आहे.

ह्या उन्हाशी माझी ओळख लहानपणी अकोल्याला झाली. जुन्या शहरात आमचे घर, मागे लहानसे अंगण. मी तिसरी-चौथीत असेन. एकदा अंगात कणकण आली म्हणून बाईंनी मला शाळेतून लवकर घरी पाठविले. पाहते तो आई अंगणात बाजेवर बसलेली! पाठ उन्हाकडे, केस मोकळे, पाय लांब सोडलेले, पुढ्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगांची थाळी. एकेक शेंग दातांनी ओढून ती सावकाश दाणे खात होती. पहाटेपासून रात्रीपर्यंत उभी असलेली आई मी पाहिलेली; ही बसलेली आई माझ्या ओळखीची नव्हती. मी दारातूनच विचारले, "आई, तुले काही काम नाही का?"

ती चटकन उठली. माझ्या कपाळाला हात लावला, मला निजवले, आणि ती शेंगांची थाळी आत गेली. मी ती गोष्ट विसरले.

पुढे मी मराठीची एम. ए. झाले, अमरावतीला महाविद्यालयात नोकरी लागली, संसार झाला. आता हिवाळा म्हणजे माझ्या लेखी हिवाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. सकाळी डबे, मग तास, संध्याकाळी इतवाऱ्यातून भाजी, रात्री लाल पेन. राहायला तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीला काचा लावून तिची खोली करून घेतलेली.

गंमत अशी, की दर वर्षी मी वर्गात शिकविते ते नेमके ह्याच्या उलट. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते तेथेच. मराठीतला हा पहिला गद्यग्रंथ मानला जातो. २०२४ साली मराठी भाषेचे विद्यापीठही तेथेच सुरू झाले. त्या ग्रंथात चक्रधरस्वामींची वचने आहेत तशीच त्यांची रोजची राहणीही आहे. अंगाला तेल चोळणे ही 'मर्दना', जेवण ही 'आरोगणा', निजणे हा 'पहुड' आणि निजून उठणे हा 'उपहुड'. रोजच्या साध्या क्रियांना केवढे मानाचे हे शब्द! मुले ते टिपणवहीत उतरवून घेतात, मी परीक्षेत विचारते. ज्या देहाला देव मानले त्याची निगा लिहून ठेवण्याजोगी वाटली. आपल्या देहालाही त्या मानातला थोडासा वाटा असावा, हे मात्र मला कधी सुचले नाही.

गेल्या पौषात पाठ इतकी दुखू लागली की फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर जाईना. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि 'ड' जीवनसत्त्व फारच कमी असल्याचे सांगितले. वऱ्हाडात राहून उन्हाचा तुटवडा! मला हसू आले. ते म्हणाले, "काचेतून येणारं ऊन उबदार लागतं, पण ज्या किरणांनी कातडीत हे जीवनसत्त्व तयार होतं, ते काचेलाच अडतात." औषध दिले, आणि थोडी विश्रांती घ्यायला बजावले.

उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा सोबत घेऊनच मी बडनेऱ्याला गाडीत बसले. मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना वेचणी होत आलेला कापूस आणि शेंगांनी लवलेली तूर. किती वर्षांनी मी खिडकीबाहेर पाहत होते!

आई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी गठ्ठा उघडला, तशी ती म्हणाली, "अवं, ते ठेव बाजूले. बाजेवर बस. थोडं ऊन खा."

ऊन खा! आपली भाषा हवा खाते, तसेच ऊनही खाते. जणू ते जेवणाचेच पदार्थ. मी पाठ करून बसले. पहिली पाच मिनिटे उत्तरपत्रिकाच डोळ्यांपुढे होत्या. मग उन्ह खांद्यांतून हळूहळू आत मुरले, पाठीतला ताण सैल झाला. शेजारी कोणाकडे तरी तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती. करपलेल्या सालीचा तो धुरकट वास भिंतीवरून आला. स्वयंपाकघरात सांबार निवडून ठेवला होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि थंडीत तिची सांबारवडी झाली नाही तर हिवाळा आला असे कोणी मानीत नाही. आईने शेंगांची थाळी आणून पुढ्यात ठेवली आणि ती पायरीवर बसली.

तिच्या टाचा मला दिसल्या. भेगांतून काळ्या रेषा गेलेल्या. मी आत जाऊन काशाची वाटी आणि थोडे तूप घेऊन आले. ती पाय ओढून घेऊ लागली, "राहू दे वं, लेकीच्या हातून पाय कायले चोळून घेऊ?" मी ऐकले नाही. वाटी तळव्यावर फिरू लागली, तूप काळे होत गेले. आईचे डोळे मिटले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तू एकदा इचारलं होतं, काम नाही का तुले म्हणून. मंग मले बाजेवर बसाले लाजच वाटे."

"मग तू पुन्हा कधी..."

"नाही बसली."

एवढेच. तक्रार म्हणून नव्हे, सहज सांगितले. माझ्या हातातली वाटी थांबली. एका पोरसवदा प्रश्नाने मी तिचे पस्तीस-छत्तीस वर्षांचे ऊन काढून घेतले होते! आणि तीच लाज, नकळत, मी माझ्याही पाठीवर वागवीत आले होते. आपण बसलो तर घराचे काहीतरी बुडते, असे आम्हां दोघींनाही वाटत आले. बुडाले काय? दोघींच्या पाठी दुखत राहिल्या.

मी बाजेवर सरकून जागा केली. "ये," म्हटले. ती जरा घुटमळली आणि मग बसली. त्या दुपारी उत्तरपत्रिका एकही तपासून झाली नाही.

अमरावतीला परत आल्यावर मी गॅलरीच्या काचा अर्ध्या काढवून घेतल्या. तापमापक पाहून कोणी थंडीचे कौतुक करोत. माझी थंडी आता मोजून वीस मिनिटांची आहे, रविवारी अकरा वाजता. त्याच वेळी अकोल्याहून फोन येतो. लोक जेवलीस का म्हणून विचारतात. आई विचारते, "ऊन खाल्लं का?" मी म्हणते, "खाते आहे. तू?" पलीकडून बाज कुरकुरल्याचा आवाज येतो.

यंदा अभ्यंगस्नान झाले की तेलाची बाटली मी फळीवर ठेवणार नाही. न्हाणीघराच्या कोनाड्यात, हाताला लागेल अशी ठेवणार आहे.