गुरगुरणं म्हणजे बोलणं

आमच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आहे, आणि ती खोटी नाही. मोत्या पाच महिन्यांचा असताना आमच्याकडे आला. त्याआधी तो एका बंद गोदामात बांधलेला असायचा. त्याच्या ताटलीजवळ गेलं की गुरगुरायचा. मी दटावायचो, एकदा वर्तमानपत्राची सुरळीही हाणली. गुरगुरणं थांबलं. मला वाटलं, सुधारला! दुसऱ्याच आठवड्यात ताटली उचलताना त्यानं माझं मनगट फोडलं. पंधरा मिनिटं साबण लावून जखम धुतली, रेबीजची इंजेक्शनं घेतली. शेजारी म्हणाले, “लांब कुठंतरी सोडून द्या.” दोन रात्री माझ्याही मनात तेच होतं.

चूक माझी होती, हे नंतर कळलं. पिल्लाच्या वयाचा साधारण तिसरा ते चौदावा आठवडा फार मोलाचा. माणसं, आवाज, वाहनं यांची ओळख याच काळात होते. ती झाली नाही, तर पुढं साध्या गोष्टींचीही धास्ती बसते. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी १९६५ सालच्या ग्रंथात या काळाचं महत्त्व मांडलं. मोत्याचे ते आठवडे अंधारात गेले होते.

भ्यालेला कुत्रा सहसा एकदम चावत नाही. आधी मान वळवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. मी ते गुरगुरणंच बंद पाडलं. भीती तशीच राहिली. म्हणून तो न सांगता चावला.

मग मी पद्धत बदलली. तो जेवताना लांब उभा राहून मटणाचा तुकडा टाकायचो आणि मागे फिरायचो. तो निवांत दिसला, तरच दुसऱ्या दिवशी एक पाऊल जवळ. येणारा माणूस हिसकावत नाही, देतो, हे पटायला त्याला चार महिने लागले.

एके संध्याकाळी तो माझ्या पायाशी बसून डोळ्यांत बघत राहिला. कुत्रा आणि मालक असे एकमेकांकडे बघतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानी संशोधकांना २०१५ साली आढळलं. आई आणि बाळाच्या मायेत काम करणारं हेच ते संप्रेरक.

मोत्या गरीब झालेला नाही. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत असतो. दिवाळीत पलंगाखाली शिरतो, तेव्हा मी शेजारी जमिनीवर बसतो. पाटीही काढलेली नाही. पण आता तो पुन्हा गुरगुरतो, आणि मी थांबतो. तुमचा कुत्रा गुरगुरला तर तुम्हीही मारू नका. मागे व्हा, आणि तो कशाला भ्याला ते शोधा.