तातडी उतरवायची कोणी?

सकाळी ६.१०
अधिवेशनाच्या दिवसांत चहाचं आधण उकळेपर्यंत तीन ग्रुप वाचून होतात: संसद कक्षाचा, आमच्या विभागाचा आणि राज्यांच्या नोडल अधिकाऱ्यांचा. आज तिन्हीकडे 'मोस्ट अर्जंट'. एकाला माहिती आज हवी, दुसऱ्याला पुढच्या बुधवारी. शिक्का मात्र एकच. बाहेर धुकं इतकं, की समोरचा टॉवर दिसत नाही. दिल्लीतल्या सरोजिनी नगरमध्ये जुने सरकारी क्वार्टर पाडून हे मनोरे उभे राहिले, पण राहणारे आम्हीच, कुठल्या ना कुठल्या मंत्रालयातले. लिफ्टमध्येही चौकशी हीच: "आपका पीक्यू कब का है?" पीक्यू म्हणजे संसदेतला प्रश्न.

८.३५
सरोजिनी नगरहून पिंक लाइन, पुढच्याच दिल्ली हाट-आयएनएला बदलून यलो लाइन, मग केंद्रीय सचिवालय. डोक्यात उद्याचा तारांकित प्रश्न: नोकरदार महिलांसाठीची किती वसतिगृहं कार्यरत आहेत, राज्यवार.

खासदाराने प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यायची असते. ऐकायला भरपूर वाटतं. पण प्रश्न मंजूर होऊन, तो कोणत्या मंत्रालयाचा हे ठरून आमच्या टेबलावर येईपर्यंत त्यातले बरेच दिवस सरलेले असतात. मग आम्ही राज्याला विचारतो, राज्य जिल्ह्याला, जिल्हा संस्थेला. मंत्र्यांना उत्तर गुरुवारी द्यायचं, सचिवांना ते बुधवारी हवं, म्हणून आम्ही राज्याला सोमवार सांगतो आणि राज्य जिल्ह्याला सांगतं 'आजच'. आकडा खालून एकेक पायरी चढत येतो. तातडी वरून घरंगळते आणि प्रत्येक पायरीवर फुगते.

९.२०
ई-ऑफिस उघडलं. नव्या सहायकाने सकाळच्या सगळ्या फाइलींना 'इमीजिएट' लावलेलं. विचारलं, तर म्हणाला, "सर, वरना कोई देखता नहीं." खोटं नाही. केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेत हे शेरे ठरलेले आहेत: ताबडतोब लक्ष घालायचं त्याला 'इमीजिएट', इतरांच्या आधी निकाली काढायचं त्याला 'प्रायॉरिटी'. ऊठसूट लावू नका, असंही तिथंच बजावलंय. त्याहून शहाणी सूचना कोणी वाचत नाही: फाइल पुढे सरकेल तसा शेरा पुन्हा तपासा, गरज उरली नसेल तर बदला. शेरा लावणारे शंभर भेटतात. काढणारा मी अजून पाहिलेला नाही.

११.००
महाराष्ट्राचा आकडा जुळेना. राज्याच्या तक्त्यात आमच्यापेक्षा ६ वसतिगृहं जास्त. सोमवारपासून तीन स्मरणपत्रं गेली होती, तिन्हींत मजकूर एकच: 'कृपया तात्काळ माहिती पाठवावी.' तिन्ही वेळा तोच तक्ता परत आला. त्यांचं काय चुकलं? नेमकं काय हवंय, हे आम्ही लिहिलंच नव्हतं.

शेवटी मुंबईला फोन लावला. कक्ष अधिकारी मॅडम आवाजावरूनच दमलेल्या.

"मॅडम, तुमच्या यादीत मंजूर आणि सुरू, दोन्ही एकत्र आहेत का?"

"हो साहेब. तुमच्या नमुन्यात रकाना एकच होता."

"प्रश्नात 'कार्यरत' आहे. फक्त ज्यांत आज बायका राहतायत तेवढीच मोजायची. तीनपर्यंत मिळेल?"

"दोनला देते."

चार मिनिटं लागली.

दुपारी २.१०
आकडा आला. डबा तसाच ठेवून उत्तर पक्कं केलं. वेळेत आला नसता, तर 'माहिती गोळा करण्यात येत आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' असं लिहून सुटता आलं असतं. पण ते सुटणं उधारीचं. ते वाक्य आश्वासन धरलं जातं आणि ३ महिन्यांत पुरं करावं लागतं. त्यावर नजर ठेवायला लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३पासून बसलेली आहे.

४.३०
उपप्रश्नांची टिपणं. सभागृहात कोण काय विचारील याचा अंदाज बांधत बसायचं. यादीतले तारांकित प्रश्न २०, आमचा १७वा. प्रश्नोत्तराचा तास ११ ते १२. गोंधळ झाला नाही तरी मोजकेच प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी पटलावर जातात. म्हणजे आमचा बहुधा पुकारला जाणारच नाही. तरी तक्ता बरोबरच हवा.

संध्याकाळी ७.४०
सुटलो. स्टेशनबाहेर येताना बायकोचा मेसेज: 'मेथी २ जुड्या. भाजी आत्ता टाकायचीये.' काय, किती, कधी. अर्जंट हा शब्द कुठेच नाही. सब्जी मंडीत मेथी घेतली आणि घरी आलो.

८.५०
ताटावर बसलो तोच फोन. मुंबईच्या मॅडम.

"साहेब, आकडा चालला ना? की अजून काही लागेल? आम्ही तिघं थांबलोय."

घास हातातच राहिला. सव्वादोनला त्यांचं काम संपलं होतं. उत्तर गेलं, सह्या झाल्या, टिपणं झाली, मी भाजीसुद्धा आणली. त्यांना कळवायचं मात्र राहिलं. दुपारी जी फाइल माझ्यापुरती मिटली, ती मुंबईत साडेसहा तास उघडीच होती.

"चालला मॅडम. दुपारीच गेला. चूक माझी, कळवायला हवं होतं. निघा तुम्ही."

पलीकडून कोणाला तरी "चला" म्हटल्याचं ऐकू आलं. खुर्च्या सरकल्या.

जेवण राहू दिलं आणि नोडल अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: 'उद्याच्या प्रश्नाचं काम संपलं. आता कोणीही थांबू नये.' मिनिटाभरात अकरा राज्यांचे अंगठे आले.