चढ आणि छेद

पाऱ्याचा जुना थर्मामीटर फुटला म्हणून आम्हीं आंकडे दाखविणारा नवा आणविला. त्याच आठवड्यांत आमच्या धाकट्या पुतण्यास रात्रीं ताप भरला. आंकडा आला ३९.५. मातोश्रींस जन्मभर फॅरनहाइटची संवय. धीर धरावा कीं घाबरावें हेंच त्यांस कळेना. नववींतल्या आमच्या चिरंजीवांनीं कागद ओढला, १.८ नें गुणून ३२ मिळविले व सांगितलें, १०३.१. आम्हीं तत्काळ डॉक्टरांस बोलाविलें.

सकाळीं आंकडा ३८.५ वर आला. मातोश्रींनीं विचारलें, "एक अंश उतरला म्हणजे आमच्या हिशेबानें किती रे?" चिरंजीवांनीं त्याच सूत्रांत १ घालून उत्तर दिलें, "आजी, तेहतीस पूर्णांक आठ दशांश!" सारें घर हंसलें. पण परीक्षेंत पुरे गुण मिळविणाऱ्या मुलाची ही चूक हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हे.

सूत्र पाठ होतें. तें आलें कोठून हें ठाऊक नव्हतें. बर्फ वितळतो तेथें सेल्सियस ० व फॅरनहाइट ३२. समुद्रसपाटीस पाणी उकळतें तेथें १०० व २१२. आडव्या अक्षावर सेल्सियस व उभ्या अक्षावर फॅरनहाइट मांडून हे दोन बिंदु जोडावे. इकडे १०० अंश सरकतांना रेषा १८० अंश वर जाते. १८० भागिले १०० म्हणजे १.८, हा रेषेचा चढ. सेल्सियस शून्य असतां ती उभ्या अक्षास ३२ वर छेदते, हा छेद.

सेल्सियस या स्वीडिश ज्योतिषानें १७४२ सालीं आपलें माप मांडलें, तेव्हां उकळत्या पाण्यास ० व बर्फास १०० धरले होते. तें तसेंच राहतें तर छेद २१२ व चढ उणे १.८ झाला असता, रेषा उतरती! दोन बिंदु हातीं असले म्हणजे सूत्र बदललें तरी अडत नाहीं.

आतां तापाकडे वळूं. ताप किती आहे हें सांगावयास चढ व छेद दोन्ही लागतात. किती उतरला हें सांगतांना ३२ दोन्हीकडे सारखेच असल्यामुळें वजाबाकींत नाहींसे होतात व चढ तेवढा उरतो: १०३.१ वजा १०१.३, म्हणजे १.८.

हें चिरंजीवांनीं दुपारीं स्वतः रेषा आंखून आजीस समजाविलें. मुलांस सूत्र म्हणावयास सांगणाऱ्या वडील मंडळींनीं, त्यांतला प्रत्येक अंक कशाचा, हेंही एकदां विचारून पाहावें.