वाकणारी फळी आणि न वाकणारी पट्टी
स्नोबोर्डच्या सांध्यांतील झिजेचा एक प्रश्न

बर्फाच्या उतारावरून एकाच रुंद फळीवर उभे राहून घसरत जाण्याच्या खेळास स्नोबोर्ड म्हणतात. फळीलाही तेच नाव आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६५ साली शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडून आपल्या मुलींसाठी एक खेळणे बनविले. आजची फळी ज्या प्रयत्नांतून घडत गेली, त्यांपैकी हा एक प्रमुख होय. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये या खेळास प्रथम स्थान मिळाले आणि २००२ पासून दोन स्पर्धक शेजारी शेजारी धावतात अशी शर्यतही तेथे होऊ लागली. अशा शर्यतीत फळीची कड बर्फात किती घट्ट रुतते, यावर जय-पराजय ठरतो.

वळण घेताना फळी कलते व धनुष्याप्रमाणे वाकते. तिची पोलादी कड अखंड कमानीत बर्फ कापीत गेली, तरच वळण साधते. परंतु बूट जखडणारी बाइंडिंगे फळीवर थेट स्क्रूने बसविली, तर तेवढा भाग ताठ राहतो व कमान खंडित होते. शिवाय खडबडीत बर्फाचे हादरे सरळ पायांपर्यंत पोहोचतात. यावर उपाय म्हणून फळी व बाइंडिंगे यांच्यामध्ये एक कडक पट्टी बसवितात. तिला आयसोलेशन प्लेट म्हणतात. २०१० च्या सुमारास शर्यतपटूंमध्ये तिचा बराच प्रसार झाला.

पुलाचे तत्त्व

पट्टीची रचना समजण्यास रेल्वेचा पूल पाहावा. लोखंडी तुळईचे एक टोक खांबावर पक्के बसविलेले असते, तर दुसरे रुळांसारख्या नळकांड्यांवर मोकळे असते. उन्हाने तुळई लांबली की मोकळे टोक सरकते आणि खांबावर ताण येत नाही. पट्टीही फळीला दोन ठिकाणी आडव्या आसांनी जोडलेली असते. एका बाजूचा आस केवळ फिरतो; दुसऱ्या बाजूस फिरण्याबरोबर थोडे सरकण्याचीही सोय असते. त्यामुळे वर पट्टी सरळ राहते व खाली फळी वाकू शकते.

हे सरकणे किती असते? दोन आसांत ५० सेंटिमीटर अंतर आहे व आस फळीच्या जाडीच्या मध्यापासून २ सेंटिमीटर उंचीवर आहेत, असे समजू. फळी ८ मीटर त्रिज्येच्या कमानीत वाकली, तर आस एकमेकांकडे सुमारे १.३ मिलिमीटर सरकतात. ही वाट अडली, तर पट्टी फळीस वाकू देत नाही आणि तिचा मूळ हेतूच नष्ट होतो.

नको तेथे स्पर्श

पट्टीची टोके आसांच्या पलीकडे १२ सेंटिमीटर पुढे आलेली आहेत आणि तिच्या खाली ६ मिलिमीटर फट आहे, असेही समजू. वरील वळणात फळी त्या टोकांखाली सुमारे ४.७ मिलिमीटर उचलली जाते, फट पुरते. परंतु वळण तीव्र होऊन त्रिज्या ५ मीटरवर आली, तर हीच उचल ७.४ मिलिमीटर होऊ पाहते, आणि फळी पट्टीवर आदळते. त्या क्षणी फळी एकाएकी ताठ होते. कडेवरील दाब बदलतो व ती निसटण्याचा धोका उत्पन्न होतो. फटीत बर्फ दडपून गोठला, तर सौम्य वळणातही असेच घडते. अशा घर्षणाने फळीवरचे आवरण खरवडले जाते. खालचे काचतंतूंचे थर उघडे पडल्यावर पाणी आत शिरून लाकडी गाभा फुगू शकतो.

अल्प हालचालीची मोठी झीज

दुसरा प्रश्न आसांचा. पहिल्या उदाहरणातील वळणात आस दोन अंशांहूनही कमी फिरतो. त्याचा व्यास ८ मिलिमीटर असेल, तर त्याचा पृष्ठभाग आपल्या खोबणीत मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकाच घासतो. इतक्या अल्प हालचालीने काय झिजणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वस्तुस्थिती उलट आहे. सतत फिरणारा आस आपल्याबरोबर वंगण ओढून घेतो. जागच्या जागी थरथरणारा आस मात्र वंगण बाजूला सारतो आणि ते परत येऊ देत नाही. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत रेल्वेने पाठविलेल्या नव्या मोटारगाड्यांच्या चाकांतील बेअरिंगांवर, चाके न फिरताच, खळगे पडलेले आढळले. कारण होते प्रवासातील थरथर.

याचे मूळ पृष्ठभागांच्या स्वरूपात आहे. गुळगुळीत दिसणारे दोन धातू प्रत्यक्षात काही सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात. केंब्रिज येथे बाउडन व टेबर यांनी ही गोष्ट प्रयोगांनी स्पष्ट केली. त्या उंचवट्यांवर प्रचंड दाब येऊन कण तुटतात व हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात. पोलादाची अशी भुकटी तांबूस असते. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड तर मूळ धातूहून कितीतरी कठीण असते. तेच मग घासकागदाचे काम करते. इंग्लंडमधील टॉमलिन्सन यांनी १९२७ साली या प्रकारच्या झिजेचा पद्धतशीर अभ्यास केला होता. घर्षण, झीज व वंगण यांच्या शास्त्रास ट्रायबॉलॉजी हे नाव १९६६ साली मिळाले.

थंडी व मीठ या झिजेत भर घालतात. प्लॅस्टिकची खोबणी ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी पट आकुंचन पावते. उबदार खोलीत सहज फिरणारा सांधा उतारावर अडू शकतो. नायलॉन पाणी शोषून फुगते. शर्यतीचा मार्ग कठीण करण्यासाठी बर्फावर कधी मीठ टाकतात; ते खारे पाणी पोलादी स्क्रू व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये साचले की विद्युत्-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

परीक्षा आणि निगा

उपाय साधे आहेत. पट्टी हाताने हलवून सांध्यात ढिलेपणा आला आहे काय, हे पाहावे. तांबूस किंवा काळपट भुकटी दिसल्यास सांधा उघडून पुसावा. कारखान्यात दोन भाग कोठे टेकतात हे पाहण्यासाठी एकावर निळा रंग लावतात. तसाच रंग पट्टीच्या खालच्या बाजूस लावून फळी वाकविली, तर नको असलेला स्पर्श ताबडतोब उमटतो. खोबणीचे अस्तर बदलता येण्याजोगे व आसाहून मऊ असावे, म्हणजे झीज स्वस्त भागावर पडते. दिवस संपल्यावर मीठ धुऊन सर्व भाग कोरडे करावेत.

एका भागाला दुसऱ्यापासून मोकळे केले, तरी त्यांच्यातील बल नाहीसे होत नाही. ते सांध्यात एकवटते. पूल असो की स्नोबोर्डची पट्टी, मिळालेल्या मोकळीकीची किंमत सांधा देत असतो. म्हणून यंत्राची परीक्षा नेहमी सांध्यापासून सुरू करावी.