एका पत्त्यावरची अनेक बिऱ्हाडे

मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉपला नेट देणे किंवा एका संगणकाचे कनेक्शन दुसऱ्याला जोडून देणे ही आता अगदी रोजची गोष्ट आहे. त्यात काही नवल आहे असे कोणाला वाटत नाही. पण इंटरनेटची घडण पाहिली, तर हे इतके सहज घडायला नको होते. या जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा, दुसऱ्या कोणाचाही नसलेला पत्ता हवा, हा मूळचा नियम. जुन्या पद्धतीत कनेक्शनमागे पत्ता मिळतो एकच. मग लॅपटॉपने मागवलेले पान मोबाइलवर न उघडता लॅपटॉपवरच कसे येते? यामागे तात्पुरती म्हणून काढलेली एक युक्ती आहे. तिने इंटरनेटला तगवले आणि त्याचा स्वभावही बदलला. कनेक्शन वाटून घेण्यात गैर काहीच नाही, उलट ते व्हायलाच हवे. सोडायला हवी ती पत्ता वाटून घेण्याची सवय.

ही युक्ती समजायला पोस्टाचा जुना रिवाज उपयोगी पडतो. वाड्यात भाड्याने राहणाऱ्याच्या पत्रावर त्याच्या नावाखाली ‘द्वारा’ लिहून घरमालकाचे नाव घालत. पोस्टमनला घरमालक ठाऊक असला की पुरे, पुढचे बिऱ्हाड घरमालक शोधून देई. नेट वाटून देणारा संगणकही तेच करतो, मात्र बाहेर जाणाऱ्या पाकिटावर तो भाडेकरूचे नाव राहूच देत नाही. समजा, आतल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.५ आहे. त्याचे पाकीट, म्हणजे डेटा पॅकेट, बाहेर पडताना वाटेवरचा संगणक हा पत्ता काढून स्वतःचा पत्ता घालतो आणि सोबत एक पोर्ट क्रमांक लिहितो. हा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे एकूण ६५,५३६ शक्यता. कोणता क्रमांक आतल्या कोणासाठी वापरला याची नोंद तो आपल्या तक्त्यात ठेवतो. उत्तर आले की क्रमांक पाहून पाकिटावर मूळ पत्ता पुन्हा घालतो आणि ते आत पाठवतो. पत्ता बदलला की पाकिटातली तपासणीची बेरीजही चुकते, म्हणून तीही प्रत्येक वेळी नव्याने मांडावी लागते. हे सारे सेकंदाला हजारो वेळा चालते. पलीकडच्या सर्व्हरला मात्र दारात एकच संगणक उभा असल्यासारखे दिसते.

ही वेळ आली पत्त्यांच्या टंचाईमुळे. सप्टेंबर १९८१ मध्ये ठरलेल्या आयपी, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, या नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा आहे. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. विद्यापीठे आणि संशोधन संस्थांच्या जाळ्याला ते पुरून उरले असते, पण घराघरांत संगणक येऊ लागताच ते संपणार हे स्पष्ट झाले. मे १९९४ मध्ये केल एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी पत्ता बदलण्याची ही पद्धत टिपण लिहून मांडली. कायमचा उपाय होईपर्यंतची सोय म्हणूनच त्यांनी ती सुचवली होती. दीर्घकाळासाठी ती अयोग्य ठरावी असे दोष तिच्यात आहेत, हेही त्यांनी तिथेच नोंदवले. फेब्रुवारी १९९६ मध्ये १९२.१६८ने सुरू होणारे आणि आणखी काही पत्ते खासगी वापरासाठी निश्चित झाले. १९९९ मध्ये विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत कनेक्शन वाटून देण्याची सोय आली आणि एका मोडेमवर दोन-चार संगणक चालवणे घरी बसून जमू लागले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून तासांच्या हिशेबाने नेट मिळे. अशा काळात ही युक्ती अनेकांसाठी इंटरनेटचे दारच ठरली. तिचे हे ऋण मान्य करूनच पुढचे बोलायला हवे.

तिची किंमत तक्त्यात दडलेली आहे. नोंद होते ती आतून काही बाहेर गेल्यावरच. म्हणून बाहेरून आपणहून आलेले पाकीट कोणाचे, हे वाटेवरच्या यंत्राला कळत नाही आणि ते टाकून दिले जाते. आतला संगणक विचारू शकतो, पण त्याला कोणी विचारू शकत नाही. दोन टोकांच्या यंत्रांनी थेट बोलावे आणि मधल्या जाळ्याने फक्त पाकिटे पोहोचवावीत, या मूळ कल्पनेलाच यामुळे धक्का बसला. दोन मित्र आपापल्या राउटरमागे असले, तर व्हिडिओ कॉल जुळवायला त्यांना तिसऱ्या सर्व्हरची मदत लागते. वाट अजिबात सापडली नाही, तर सगळे संभाषणच त्या सर्व्हरवरून वळवावे लागते. तक्त्यातली नोंद काही वेळाने पुसली जाते, म्हणून ॲप अधूनमधून रिकामी पाकिटे पाठवून ती जागी ठेवतात आणि त्यात मोबाइलची बॅटरी खर्ची पडते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे मोठे गट वाटले गेले. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनीही अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवायला सुरुवात केली. त्यातल्या एकाने गैरप्रकार केला आणि एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ताच अडवला, तर त्याचा फटका बाकीच्यांनाही बसतो. तपास यंत्रणेला नुसता पत्ता पुरत नाही. पोर्ट क्रमांक आणि नेमकी वेळ हाती नसेल, तर संशयाची सुई भलत्याकडे वळू शकते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही, हे बरेच नाही का? बरे आहे, पण त्यासाठी पत्ता पुसण्याची गरज नाही. न मागितलेली पाकिटे अडवणे हे फायरवॉलचे काम आहे आणि पत्ता न बदलताही ते तितकेच चोख होते. फरक इतकाच, की तिथे दार कोणासाठी उघडायचे हे घरातल्यांच्या हाती राहते. आणि फसव्या ईमेलवर क्लिक करून घरात आलेला व्हायरस आतूनच बाहेर बोलतो, त्याला तक्ता अडवत नाही. दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता दिला तर त्याच्यावर पाळत ठेवणे सोपे होईल. ही भीती रास्त आहे. म्हणूनच पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीच्या सहाव्या आवृत्तीत, यंत्राने ठरावीक काळाने पत्त्याचा शेवटचा भाग यदृच्छेने बदलत राहण्याची तरतूद केली आहे. तिसरा आक्षेप, की सामान्य माणसाला सर्व्हर चालवायचा नसतो. पण त्याला घरचा कॅमेरा परगावाहून पाहायचा असतो, भावाला मोठी फाइल थेट द्यायची असते. यासाठी आज तो दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर विसंबतो, कारण दुसरी वाट त्याला मिळतच नाही.

कायमचा उपाय कधीच तयार झाला आहे. आयपीच्या सहाव्या आवृत्तीची पहिली नियमावली डिसेंबर १९९५ मध्येच आली. तिच्यात पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ३४०वर ३६ शून्ये इतके. बदल खर्चिक आहे आणि पुष्कळ संकेतस्थळे अजून जुन्याच पद्धतीवर असल्याने दोन्ही व्यवस्था बरीच वर्षे शेजारी शेजारी चालवाव्या लागतील, हे खरे. पण हे आवाक्याबाहेरचे नाही, याचा पुरावा भारतातच आहे. २०१६ नंतर फोरजीचे जाळे सहाव्या आवृत्तीवर उभे राहिले आणि आज तिच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. या पद्धतीत एका मोबाइललाही पत्त्यांचा अख्खा गट मिळतो आणि हॉटस्पॉटला जोडलेला लॅपटॉप त्यातूनच स्वतःचा पत्ता घेऊ शकतो. कनेक्शन तसेच वाटले जाते, पाकिटावरचे नाव मात्र कोणी खोडत नाही. म्हणून राउटर घेताना त्यात सहावी आवृत्ती चालते का, हे दुकानदाराला विचारावे. महाविद्यालयांनी आणि सरकारी कार्यालयांनी आपली संकेतस्थळे तिच्यावर आणावीत. वाडा एकच असला, तरी प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारावर त्याच्या नावाची पाटी असावी, एवढीच ही मागणी आहे.