कान आणि चालण्याचा भास

आपण स्थानकातल्या उभ्या आगगाडीत बसलेलो असतो. शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि वाटते, आपलीच गाडी निघाली! डोळ्यांचा हा भास सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु नुसत्या आवाजानेही आपणांस असेच फसवता येते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

१९७७ साली जेम्स लॅकनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने डोळे बांधून स्थिर बसवलेल्या माणसांभोवती आवाज फिरवला. तेव्हा आवाज फिरतो आहे असे वाटण्याऐवजी, आपणच उलट दिशेने फिरत आहोत असे त्यांतील काहींना वाटू लागले. एवढेच नव्हे, तर बांधलेल्या पट्टीआड त्यांची बुबुळेही हेलकावू लागली. भोवतालची स्थिर खोली दिसू दिली, की भास नाहीसा!

असे का व्हावे? आपल्या अंतःकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की हा द्रव किंचित मागे राहतो व वळण कळते. मात्र फिरणे एकाच वेगाने चालू राहिले, तर थोड्याच वेळात द्रवही तोच वेग घेतो आणि नलिका मुक्या होतात. मग मेंदूला इतरांची साक्ष काढावी लागते. डोळा मिटलेला असेल, तर उरतो कान.

पण कोणताही आवाज चालत नाही, आणि आम्हांला यातली खरी गंमत येथेच वाटते. स्वीडनमधील संशोधकांनी २००४ साली दाखवले, की चर्चच्या घंटेसारखा जागचा न हलणारा आवाज फिरवला तर भास अधिक होतो. पावलांच्या आवाजाने कमी. पावले चालतातच, त्यात नवल ते काय? घंटा मात्र जागा सोडत नाही. तेव्हा हललो ते आपण, असा मन निवाडा देते.

हे केवळ प्रयोगशाळेतले कौतुक नव्हे. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सौम्य बहिरेपण असलेल्या प्रौढांत पडल्याची शक्यता जवळजवळ तिप्पट आढळली. बहिरेपणामुळेच ते पडले, असे यावरून सिद्ध होत नाही. श्रवण आणि तोल यांची इंद्रिये अंतःकर्णात शेजारी असल्याने एकच विकार दोहोंना बाधत असेल. किंवा पंखा, नळ, भिंतीवरचे घड्याळ यांचे ओळखीचे आवाज मंदावल्याने अंधारात चालणाऱ्याच्या खुणाच पुसल्या जात असतील.