नॉझलची ओळख

छत्तीसगडास भाताचे कोठार म्हणतात. शेतात वीज येण्यापूर्वी अशा प्रदेशांत पाणी उपसण्याचे आणि गिरणी फिरविण्याचे काम पुष्कळ अंशी डिझेल इंजिनांनी केले. पुण्याजवळ खडकी येथे 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली ती याच गरजेतून. रायपूरला तर रेल्वेची डिझेल शेडही आहे. शेतातले एका सिलिंडरचे इंजिन आणि रुळावरचे 16 सिलिंडरांचे इंजिन यांत महदंतर खरे. परंतु जुन्या यांत्रिक पद्धतीत दोन्हींचा प्राण करंगळीएवढ्या एका भागात असतो. तो भाग म्हणजे नॉझल.

पंपाने दाबलेले तेल नॉझलमध्ये येते. आतील सुई स्प्रिंगच्या जोराने आपल्या बैठकीवर दाबून बसविलेली असते. तेलाचा दाब स्प्रिंगला भारी झाला की सुई उचलली जाते आणि तेल धुक्यासारखे फवारले जाते. 1964 पासून वाराणसीस बनू लागलेल्या 2600 अश्वशक्तीच्या डब्ल्यू. डी. एम. 2 या इंजिनात हा दाब दर चौरस इंचास सुमारे 4000 पौंड असे आणि तेल केसाळ अशा 9 छिद्रांतून बाहेर पडे.

नॉझलच्या दोन मुख्य जाती आहेत. एकीत सुईचे टोक खिळ्याप्रमाणे तोंडातून किंचित बाहेर डोकावते. ही पूर्वकक्ष असलेल्या इंजिनांत बसते. दुसरीचे टोक बंद असून त्यास बारीक छिद्रे असतात. तेल सरळ पिस्टनच्या खळग्यात फवारणाऱ्या इंजिनांस ही लागते. जात ओळखण्यास नुसते डोळे पुरेत. खरी अडचण तिच्या पुढे आहे.

बॉश कंपनीच्या पद्धतीने नॉझलवर अक्षरे व अंक कोरलेले असतात. 'डी एल एल 150 एस' यांत पहिला एल छिद्रांचा, दुसरा लांब मानेचा. 150 हा फवाऱ्याच्या शंकूचा कोन. एस हे आकारमान, ज्यात कॉलरचा व्यास सुमारे 17 मिलिमीटर असतो. पी आकार त्याहून बारीक, सुमारे 14 मिलिमीटरचा. 'डी एन' असल्यास नॉझल खिळ्याच्या जातीचे. शेवटचा क्रमांक नमुन्याचा; छिद्रांची संख्या व व्यास त्याच्यावरूनच कळतात. लंडनच्या सी. ए. व्ही. कंपनीच्या मालावर याच अक्षरांच्या आधी बी आढळतो.

आता 150 च्या जागी 140 चे नॉझल घेतले, तर ते बसते का? अगदी बिनतक्रार बसते. घोटाळा येथेच होतो. कोन चुकला की फवारा खळग्याच्या काठावर किंवा सिलिंडरच्या भिंतीवर आदळतो. भिंतीवरचे वंगण धुऊन जाते, तेल खालच्या वंगणात मिसळते, धूर काळा होतो आणि पुढे पिस्टन जळतो. ऐन पाण्याच्या पाळीत इंजिन बंद पडले, तर पीक कोणासाठी थांबत नाही.

म्हणून इंजिनातून निघालेल्या नॉझलवर आंधळा विश्वास ठेवू नये. मागच्या कारागिराने हाती आले तेच बसविलेले असू शकते. इंजिनाच्या पट्टीवरील क्रमांक व निर्मात्याची भागसूची हीच साक्ष. अक्षरे झिजली असल्यास कॉलर मापावी, छिद्रे भिंगाने मोजावीत. फवारा सुटण्याचा दाब मात्र नॉझलवर वाचता येत नाही. तो धारकातील स्प्रिंगने ठरतो आणि हातपंपाच्या यंत्रावरच लावावा लागतो. सुई व तिचे घर एकमेकांत घासून जुळविलेले असतात. एकाची सुई दुसऱ्यात घालणे म्हणजे दोन्ही नॉझले गमावणे.

या तपासणीत हात फवाऱ्यापुढे कधीही नेऊ नये. एवढ्या दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोचणीएवढी दिसते, दुखतही नाही. तरी तत्काळ रुग्णालय गाठले नाही तर बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते.